बाळ पडलं! सीटी स्कॅन करायचा का? एका प्रश्नाचा अडीचशे वर्षांचा प्रवास

रांगणारं किंवा नुकतंच चालायला लागलेलं मूल एकदाही पडलं नाही, असं घर शोधून सापडणार नाही. "दोन्ही बाजूंनी उशा लावल्या होत्या डॉक्टर, फक्त गॅस बंद करायला उठले, तेवढ्यात…" हे वाक्य पिंपरी-चिंचवडमधल्या प्रत्येक डॉक्टरने ऐकलेलं आहे. त्याच्या पाठोपाठ प्रश्नही ठरलेले असतात. डोक्याला आतून मार लागला असेल का? एक्स-रे काढायचा का? सीटी स्कॅन करायचा का? आणि आता त्याला झोपू द्यायचं की नाही?

या प्रश्नांची छोटी उत्तरं तुम्हाला कुठेही मिळतील. पण ती उत्तरं कशी सापडली हे कळलं, तर त्यांच्यावर विश्वास बसतो आणि रात्री अकरा वाजता डोकं शांत ठेवून निर्णय घेता येतो. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

हाड मोडलं की मेंदूला लागलं?

डोक्याला मार लागला की पूर्वी वैद्यांचं सगळं लक्ष कवटीकडे असायचं. हाड मोडलं असेल तर धोका, नसेल तर नाही, अशी साधी समजूत होती. अठराव्या शतकात लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी ही समजूत हलवली. १७६० मध्ये त्यांनी डोक्याच्या जखमांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी मांडलं की, गुंगी येणं, उलट्या होणं, बेशुद्ध पडणं ही लक्षणं मोडलेल्या हाडामुळे येत नाहीत. ती आतल्या मेंदूला झालेल्या इजेमुळे किंवा आत साठलेल्या रक्तामुळे येतात.

आज हे आपल्याला उघड वाटतं, पण तेव्हा तो मोठा बदल होता. गंमत म्हणजे कवटीला तडा दिसला की लक्षणं येण्याची वाट न पाहता हाडाला भोक पाडावं, असं स्वतः पॉटही सांगत. त्यांना भीती होती ती आत पू होण्याची. त्या काळात उघड्या जखमेतून मेंदूच्या आवरणापर्यंत जंतू पोचले की रुग्ण वाचणं जवळपास अशक्य होतं.

ती भीती कमी व्हायला पेनिसिलिन यावं लागलं, आणि इथे आपल्या गावाचा संबंध येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ मध्ये इथे पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. ज्या पिंपरीला आपण गाड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखतो, तिची औद्योगिक ओळख आधी एका औषधामुळे झाली.

"झोपू देऊ नका" हे आलं कुठून?

डॉक्टरांच्या लक्षात आणखी एक फसवी गोष्ट आली. काही रुग्ण मार लागल्यावर थोडा वेळ बेशुद्ध होत, मग शुद्धीवर येत, बोलत, चालत आणि काही तासांनी पुन्हा गुंगीत जात. तोपर्यंत उशीर झालेला असे. कानाच्या वरच्या भागात कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. ती फाटली की हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. दाब वाढेपर्यंत रुग्ण ठीक दिसतो. त्या दाबामुळे एका डोळ्याची बाहुली मोठी होते. या खुणेला आजही लंडनचे सर्जन जोनाथन हचिन्सन यांचं नाव आहे. त्यांनी १८६७ मध्ये तिच्याकडे लक्ष वेधलं. त्याच वर्षी पुण्यात ससून रुग्णालय सुरू झालं. पुढची कित्येक दशकं आपल्या भागातल्या गंभीर रुग्णांना तोच आधार होता.

आता विचार करा. आत पाहण्याचं कोणतंही यंत्र नाही आणि ठीक दिसणारा रुग्ण काही तासांत गुंगीत जाऊ शकतो. झोप आणि गुंगी यांतला फरक ओळखायचा कसा? जागं ठेवून किंवा वारंवार उठवून. त्या काळात हा सल्ला योग्यच होता. पुढे कारण विसरलं गेलं आणि "डोक्याला लागलं की झोपू द्यायचं नाही, झोपलं की संपलं" एवढीच भीती उरली.

खरी गोष्ट अशी आहे की झोपेमुळे मेंदूला इजा होत नाही. पडलेलं मूल जोरात रडतं, थकतं आणि त्याची झोपेची वेळ असेल तर पेंगतं. त्याला झोपू द्या. फक्त सुरुवातीच्या काही तासांत ते नेहमीसारखं हाक मारल्यावर, हलकेच हलवल्यावर चाळवतं का, कुरकुरतं का, तुम्हाला ओळखतं का, हे अधूनमधून पाहा. नेहमी झोपण्याची वेळ नसताना आलेली आणि न मोडणारी झोप मात्र धोक्याची असते.

एक्स-रेचं आकर्षण

नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीत विल्हेम रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि शरीराच्या आतलं हाड प्रथमच दिसू लागलं. मग डोक्याला लागलं की कवटीचा एक्स-रे, ही जगभर सवय झाली. आजही "निदान एक्स-रे तरी काढा" असा आग्रह होतो.

पण पॉट यांनी दीडशे वर्षं आधी मांडलेला मुद्दा इथे पुन्हा आडवा येतो. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. हाडाला बारीक तडा असूनही मूल पूर्ण सुरक्षित असू शकतं आणि हाड शाबूत असूनही आत रक्त साठू शकतं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या बेल आणि लूप या दोन डॉक्टरांनी डोक्याच्या एक्स-रेचा उपयोग किती आणि वाया जाणं किती, याचा हिशेब मांडला. सरसकट एक्स-रे काढण्यापेक्षा रुग्णाची लक्षणं पाहून निवड करा, असं त्यांचं सांगणं होतं. "कुणाची तपासणी करायची नाही" हा प्रश्न वैद्यकशास्त्राने गांभीर्याने घ्यायला तेव्हा सुरुवात केली होती.

आत पाहणारं यंत्र आणि त्याची किंमत

त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनजवळ विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका रुग्णाचा जगातला पहिला सीटी स्कॅन झाला. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ईएमआय कंपनीतले अभियंते होते. १९७९ मध्ये त्यांना अॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. कवटी न उघडता आतलं रक्त डोळ्यांनी दिसू लागलं. यामुळे वाचलेल्या जिवांची मोजदाद करता येणार नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी शुद्धी मोजण्याची एक पट्टी दिली. रुग्ण डोळे कसे उघडतो, कसा बोलतो आणि हातपाय कसे हलवतो, या तीन गोष्टींना गुण द्यायचे, एकूण १५ पैकी. पुढे लहान मुलांसाठी तिच्यात बदल झाले, कारण दहा महिन्यांच्या बाळाला "तुझं नाव काय" असं विचारता येत नाही. त्याचं हसणं, आवाज काढणं आणि रडणं हेच त्याचं बोलणं धरलं जातं. तुम्ही दवाखान्यात आल्यावर डॉक्टर बाळाशी नुसते खेळत आहेत असं वाटतं ना? तेव्हा ते मनात हेच गुण मोजत असतात.

सीटी स्कॅन सोपा झाला तसा त्याचा वापर वाढत गेला. मग दुसरी बाजू समोर आली. सीटीमध्ये क्ष-किरणांची मात्रा साध्या एक्स-रेपेक्षा बरीच जास्त असते. बाळाच्या वाढत्या पेशी किरणोत्साराला जास्त हळव्या असतात आणि त्याच्यापुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं. ब्रिटनमध्ये १९८५ ते २००२ या काळात सीटी झालेल्या सुमारे पावणेदोन लाख मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा अंदाज असा होता की दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांच्या डोक्याचा सीटी केला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण आढळेल.

हा धोका छोटा आहे. गरज असेल तर सीटी नाकारण्याचं हे कारण होऊच शकत नाही. आजच्या यंत्रांत मुलांसाठी मात्रा कमी ठेवतात. पण "मनाच्या समाधानासाठी करून टाकू" म्हणावं इतका तो शून्यही नाही. शिवाय तपासणी होईपर्यंत वर्ष-दीड वर्षाचं मूल स्थिर राहत नाही, त्यामुळे कधी कधी झोपेचं औषध द्यावं लागतं. त्याचा धोका वेगळा.

४२,४१२ मुलं आणि एक साधा प्रश्न

म्हणजे पेच असा होता: सगळ्यांचा सीटी केला तर अनेकांना विनाकारण किरणं, न केला तर एखादं मूल हातचं जाईल. याचं उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांनी २००४ ते २००६ या काळात डोक्याला लागलेल्या मुलांची बारकाईने नोंद ठेवली. डॉ. नेथन कपरमन यांच्या नेतृत्वाखालचा हा अभ्यास २००९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. 'पेकार्न' नावाने तो ओळखला जातो.

आकडे पाहा. एकूण मुलं ४२,४१२, त्यांपैकी १०,७१८ दोन वर्षांखालची. साधारण ३५ टक्के मुलांचा सीटी झाला. मेंदूची महत्त्वाची इजा निघाली ३७६ जणांत, म्हणजे शंभरात एकालाही नाही. मेंदूची शस्त्रक्रिया लागली ६० जणांना. आणि ही दवाखान्यात आणलेली मुलं होती. जमिनीवर चालता चालता पडलेली आणि खरचटण्यापलीकडे काहीच लक्षण नसलेली मुलं यात धरलेलीच नव्हती.

यातून दोन वर्षांखालच्या मुलांसाठी सहा गोष्टी पुढे आल्या. शुद्धीत फरक आहे का? कवटीचं हाड मोडलेलं हाताला लागतं का? कपाळ सोडून बाजूला किंवा मागे सूज आहे का? मूल पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्ध होतं का? मार जोराचा होता का, म्हणजे उदाहरणार्थ तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडलं का? आणि सहावी गोष्ट: आई-वडिलांच्या मते मूल नेहमीसारखं वागतंय का?

या सहापैकी एकही गोष्ट नसलेली दोन वर्षांखालची १,१७६ मुलं पडताळणीसाठी पाहिली गेली. त्यांपैकी एकालाही मेंदूची महत्त्वाची इजा निघाली नाही. पुढे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या २० हजारांहून अधिक मुलांवर वेगवेगळे नियम तपासले गेले, तेव्हाही हा नियम भरवशाचा ठरला.

सहावा मुद्दा पुन्हा वाचा. पॉट यांच्यापासून सीटीपर्यंत अडीचशे वर्षांचा प्रवास केल्यावर शास्त्राने आईला विचारलं, "तुमचं बाळ नेहमीसारखं वाटतंय का?" आणि तिचं उत्तर नियमात लिहून ठेवलं. डॉक्टर तुमच्या बाळाला दहा मिनिटं पाहतात, तुम्ही त्याला रोज पाहता. म्हणून "काही दिसत नाहीये, पण हा माझा नेहमीचा पिल्लू नाही" असं वाटलं तर ते संकोच न करता सांगा. उलट मूल खेळतंय, खातंय, तुमच्याकडे हात पसरतंय, हेही डॉक्टरांसाठी तेवढंच मोलाचं आहे.

कपाळावरचं टेंगूळ, डोक्याच्या बाजूची सूज

पालकांना सर्वात घाबरवतं ते कपाळावर लिंबाएवढं आलेलं टेंगूळ. पण मूल पुढे पडतं, त्यामुळे कपाळावर मार बसतो आणि तिथलं हाड मजबूत असतं. कपाळाचं टेंगूळ दिसायला भयंकर असलं तरी एकट्याने फारसं चिंतेचं नसतं. कानाच्या वर, बाजूला किंवा मागे केसांखाली लपलेली मऊ, पिलपिलीत सूज मात्र दिसत नाही आणि तीच जास्त महत्त्वाची. म्हणून बाळाच्या सगळ्या डोक्यावरून हलकेच हात फिरवून बघा.

टेंगूळ चोळू नका, दाबू नका. हळद किंवा कॉफी पावडर थापू नका, त्याने जखम नीट दिसत नाही. कपड्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी थोडा वेळ धरा. बाळाला शुद्धीवर आणण्यासाठी गदागदा हलवू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. झोप येणारं सर्दीचं औषध त्या रात्री देऊ नका, नाहीतर खरी गुंगी ओळखता येणार नाही.

डॉक्टर इतके प्रश्न का विचारतात?

"कसं पडलं? किती उंचीवरून? कुणी पाहिलं? खाली फरशी होती की गादी?" हे प्रश्न ऐकून अनेक आयांना आपल्यावर संशय घेतला जातोय असं वाटतं. यामागेही इतिहास आहे. १९४६ मध्ये जॉन कॅफी या अमेरिकन डॉक्टरांनी मेंदूभोवती रक्तस्राव आणि हातापायांची हाडं मोडलेली अशी सहा बाळं नोंदवली. १९६२ मध्ये हेन्री केम्प यांनी मुलांना होणाऱ्या मारहाणीवर उघडपणे लिहिलं. तेव्हापासून सांगितलेली हकीकत आणि दिसणारी इजा जुळते का, हे पाहणं प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य झालं. हे प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. खरं आणि सविस्तर सांगितलंत तर निदान सोपं होतं.

पण माझी घरच्या मंडळींना विनंती आहे की तेच प्रश्न तुम्ही आईला आरोपीसारखे विचारू नका. आपल्या भागात घरं छोटी आहेत, कुटुंबं विभक्त आहेत. वडील चाकणला थर्ड शिफ्टला असतात, आजी गावी लातूरला किंवा जळगावला. पूर्वी शेणाने सारवलेल्या जमिनीवर अंथरूण असे, आता टाइल्सवर दोन फूट उंच पलंग आहे. ओरडा बसेल या भीतीने आईने पडण्याची गोष्ट लपवली किंवा उंची कमी सांगितली, तर नुकसान बाळाचंच होतं.

चाकण-पिंपरीसाठी एक वेगळा हिशेब

अनेक मुलांना डॉक्टर सीटीऐवजी "काही तास लक्ष ठेवू" असं सांगतात. ही टाळाटाळ नाही, तोही उपचाराचा भाग आहे. पण त्यात एक अट दडलेली आहे: लक्षण दिसलं तर लगेच परत येता आलं पाहिजे. १९८९ पासून पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे आणि २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे. तरी चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर किती वेळ जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही आतल्या गावात राहत असाल, घरात गाडी नसेल किंवा रात्री एकट्याच असाल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. मग ते बाळाला रुग्णालयातच काही तास ठेवून घेण्याचा विचार करतील.

लगेच रुग्णालयात न्या, जर

- मूल क्षणभरही बेशुद्ध झालं, झटका आला किंवा ते उठवूनही नीट जागं होत नसेल
- पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील
- नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव येत असेल
- दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या कमी-जास्त दिसत असतील, किंवा एक हात-पाय कमी हलत असेल
- बाळ शांत असतानाही टाळू फुगलेली, ताणलेली वाटत असेल
- डोक्याच्या बाजूला किंवा मागे सूज असेल
- तीन फुटांपेक्षा उंचावरून, जिन्यावरून, गच्चीवरून किंवा दुचाकीवरून पडलं असेल
- रडणं कशानेच थांबत नसेल, किंवा मूल नेहमीसारखं वाटत नसेल
- बाळ वर्षाच्या आतलं असेल, विशेषतः तीन महिन्यांखालचं, किंवा त्याला रक्त न गोठण्याचा आजार असेल

बेशुद्धी किंवा झटका असेल तर १०८ ला फोन करा.

यांपैकी काही नसेल, तर बाळाला जवळ घ्या, शांत करा, थोडं दूध द्या आणि लक्ष ठेवा. पहिले चार ते सहा तास सर्वात महत्त्वाचे, तरी पुढचा एक दिवस डोळा असू द्या. शंका आली तर डॉक्टरांना दाखवायला अजिबात लाजू नका. "उगाच आणलं" असं कुठलाही चांगला डॉक्टर म्हणणार नाही.

आणि बाळ शांत झोपलं की पलंगाची गादी काढून जमिनीवर घाला, बाल्कनीच्या कठड्याजवळची खुर्ची हलवा, चाकांचा वॉकर असेल तर तो काढून टाका. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली, ती अशाच पडलेल्या मुलांमुळे.